अक्काच्या गाडीची उजवी बाजू

अक्का,

तुझ्या शोकसभेत जो उठला तो 'भ्याड हल्ला' म्हणून खाली बसला. मला राहवलं नाही. मी माईक ओढला आणि म्हणाले, भ्याड कसला? भरदुपारी आले. हमरस्त्यावर आले. तोंडं झाकलेली नव्हती, जीपचा नंबर उघडा होता, हातात केळीचे घड उतरवायचा कोयता होता. ज्याला भीती असते तो असा येतो का? आपल्याला कुणी हात लावणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भ्याड होते ते धाब्यावरचे. एका हातातली शेवभाजी त्यांनी खाली ठेवली नाही आणि दुसऱ्या हाताने शूटिंग केलं. आणि भ्याड तुम्ही, जे आज हार घेऊन आलात आणि ती जिवंत असताना एकदाही तिला आपली गाडी दिली नाहीत. एवढं बोलले आणि कुणीतरी माईकची वायर काढली.

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "पत्रक फाटलं वाटतं," म्हणाली असतीस. मला नावाने हाक तू कधी मारलीच नाहीस. पहिल्या भेटीत मी तुझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा दिला. तू एक उचललंस, लाल पेनने त्यातली जास्तीची उद्गारचिन्हं खोडलीस आणि त्या दिवसापासून मी 'पत्रक' झाले.

तुझा जन्म कुठला, शाळा कुठली, निवृत्ती कधीची, ते तुझ्या फोटोखाली छापलंय. सगळ्यांनी वाचलंय. मला त्या छोट्या पांढऱ्या गाडीबद्दल बोलायचंय. घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या, पट्ट्याने फोडून काढलेल्या, जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाल्या म्हणून केस कापलेल्या मुलींना तू जिच्यातून बाहेर काढायचीस, ती गाडी. आपलं तिच्यावरून जे भांडण चालू होतं ते तू अर्धवट टाकून गेलीस, आणि मला अर्धवट भांडणं आवडत नाहीत.

बॉनेटवर कोरलेला तो शब्द आठवतो? मी सकाळी तुझ्या अंगणात आले तर गाडीवर स्क्रूड्रायव्हरने लिहिलेलं होतं. बाईला मारायला लोकांना सगळ्यात आधी सुचतो तो शब्द. वितभर अक्षरं. माझं डोकं फुटायची वेळ आली. मी म्हणाले, अक्का, फोटो काढते, पोलीस ठाण्यात जाऊ, पत्रकार बोलावू. तू बादलीत शाम्पू घुसळत होतीस. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतलास आणि त्या शब्दाकडे वहीत बघावं तसं बघितलंस.

"हा 'ड' माझ्या वर्गातला आहे," म्हणालीस. "खालची गाठ कशी मारायची ते किती वेळा गिरवून घेतलं. मेल्याने शेवटपर्यंत उलटीच मारली."

"कोण आहे? नाव सांग."

"माझा विद्यार्थी आहे."

"म्हणून?"

"म्हणून माझ्यात आणि त्याच्यात. तू तांब्यात पाणी आण."

नाव तू सांगितलं नाहीस. मी किती वेळा विचारलं, रागावले, एकदा तर तुझ्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाही. नाही म्हणजे नाही. त्या सभेत तो माणूस तुझ्या फोटोला हार घालून गेला असेल का, हे मला माहीत नाही, आणि हे मला माहीत नाही याची मला चीड येते. मला त्याची बोटं मोडायची होती अक्का. मी सभ्य भाषेत लिहू शकते, पण मग ते खोटं होईल.

तू मात्र माझं बोट धरलंस आणि त्या 'र'वरून आडवं फिरवलंस. "नख अडकस का दख." बोलायचीस शाळेच्या भाषेत, पण कामाला लागलीस किंवा चिडलीस की थेट शिंदखेड्याच्या अहिराणीवर यायचीस. नख अडकत नसेल तर जखम फक्त वरच्या चकाकीला आहे; जुन्या बनियनच्या बोळ्यावर पॉलिशचं कंपाउंड घ्यायचं आणि गोल गोल घासायचं. घरात कंपाउंड नसेल तर दात घासायची पांढरी पेस्ट. नख अडकलं तर रंग गेलाय. मग दोन हजार नंबरचा घासायचा पाणीपेपर भिजवून कडा बसवायच्या, आगकाडीच्या टोकावर रंग घेऊन भेगेत सोडायचा, वाळला की पुन्हा पेपर, पुन्हा कंपाउंड. आणि पत्रा दिसला तर आधी प्रायमर, नाहीतर पावसाळ्यात आतून गंज चढतो. बाजूला चिकटपट्टी लावायची म्हणजे शेजारचा चांगला रंग खराब होत नाही. हे सगळं सावलीत. जळगावच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावला की वरची साय लगेच धरते आणि खाली कच्चा राहतो.

आणि तो पिवळा थेंब. बाटलीतला पांढरा रंग तसाच लावला की ठिगळासारखा दिसायचा, कारण गाडीचा पांढरा आपल्या उन्हाने कधीच दुधाळ राहिला नव्हता. तू बाटलीच्या झाकणात पांढरा काढायचीस, आगकाडीने पिवळा टेकवायचीस, ढवळायचीस, बॉनेटच्या कडेला लावून डोळे बारीक करायचीस. "पिठलं नको व्हायला," म्हणायचीस. एकदा झालं होतं. आठवडाभर डाव्या आरशाखाली पिठलं घेऊन आपण फिरलो.

दुपारपर्यंत तो शब्द गेला. आधी 'ड', मग काना, मग अनुस्वार, मग 'र'. मी अंगणात पाय आपटत होते. मी म्हणाले, तू पुरावा पुसलास. ज्यांनी हे लिहिलं त्यांची लाज तू स्वतःच्या हातांनी धुऊन दिलीस. तू हा शब्द घेऊन आख्ख्या शहरातून गाडी फिरवायला हवी होती, लोकांना वाचू द्यायला हवा होता. तू हात थिनरने पुसत होतीस. म्हणालीस, "लोक वाचतील. आणि लक्षात काय ठेवतील? शब्द नाही. गाडी."

मला तेव्हा ते पळपुटेपणाचं वाटलं. तोंडावर बोलले तुला तसं. तू मला भाकरी वाढलीस.

मग तुझ्याच तालुक्यातला तो नाका. आदल्या संध्याकाळी एका मुलीला घेऊन तिच्या गावातून निघताना कुणीतरी दगड मारला होता आणि गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर चांगलीच खरड उठली होती. तुझ्या भावकीतल्या घरी आपण मुक्काम केला. सकाळी उठल्याबरोबर तू डिकीतून तुझा डबा काढलास. मुलगी आत बसून थरथरतेय, तिचे काका गावागावात फोन लावतायत, आणि तू शांतपणे आगकाडीने रंग भरतेयस. मी दात ओठ खात म्हणाले, अक्का, निघ. तू म्हणालीस, "ते गाडी शोधत नाहीयेत, खरड शोधतायत."

नाक्यावर पोरं उभी होती. काठ्या होत्या, एकाकडे साखळी होती. मुलगी मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून गोधडीखाली, आजारी म्हणून. एकजण तुझ्या खिडकीशी वाकला.

"अक्का, अशीच पांढरी गाडी दखी का? मोहरे खरचटेल शे."

"हां ना. मांगे पंपवर उभी शे ती. हवा भरी राहिनी."

तो खूश झाला. आणि खुशीत त्याने हात गाडीच्या कोपऱ्यावर टेकला. नेमका तिथे. हात उचलला तर तळव्याला पांढरं. रंग वरून वाळला होता, खाली कच्चा होता. तो तळव्याकडे बघत राहिला. माझ्या मांडीवर त्या मुलीचे दात वाजत होते, मला कापडातून कळत होतं. मी पायाशी पडलेला जॅकचा दांडा धरला. मी तो त्याच्या डोक्यात घातला असता, मी आज तुला सांगते, मी घातलाच असता.

"हाऊ काय शे?"

"चुना," तू म्हणालीस. "घरले चुना दी राहिनी ना मी. बठ्ठी गाडी भरी गयी. पूस तुना हात, डोयाले लागी जाई."

आणि तुझा पदर पुढे केलास. त्याने तुझ्या पदराला हात पुसला अक्का! नाक्यापलीकडे गेल्यावर तू गाडी बाजूला घेतलीस, उतरलीस, त्याच्या बोटांचे ठसे उठलेल्या त्या कोपऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सत्यानाश केला. आता पुन्हा घासायला लागेल."

हसता हसता आपण रडलो. तरी पारोळ्याच्या अलीकडेच मी पुन्हा भांडायला सुरुवात केली. कारण मी म्हणते ते चूक नव्हतं आणि आजही नाही. रजिस्टर लग्न करायला आपलाच कायदा महिनाभर आधी नोटीस लावायला सांगतो, मुलीचं नाव भिंतीवर चिकटवतो, म्हणजे मारेकऱ्यांना आमंत्रणपत्रिका. आणि आपण? आपण चोरासारखं जायचं. गोधडीखाली. चुना म्हणून. किती दिवस? कधीतरी गाडी उघड्यावर उभी करून सांगायचं की नाही, हे बघा, हे तुमच्या पोरांनी केलं? तू गियर बदललास आणि म्हणालीस, "तुले लढाई दखाडनी शे. माले पोर पोचाडनी शे."

ह्याचं उत्तर मला उशिरा सुचलं, आणि तोवर तू ऐकायच्या अवस्थेत नव्हतीस.

आता ती दुपार. लोकांनी ती मोबाईलवर बाहेरून बघितलीय. मी ती आतून बघितलीय, म्हणून लिहिते.

सोनल रावेरकडची. भाऊ केळीच्या गाड्या भरणारा. तिला त्याने गोठ्यात बांधून मारलं होतं, तिच्या पाठीवर दोरीचा पीळ उमटला होता. आपण तिला घेऊन भुसावळ मागे टाकलं, नशिराबाद दिसायला लागलं. एका धाब्यासमोर केळीने भरलेला ट्रक आडवा झाला. मागून जीप. तू आरशात बघितलंस. गाडी बंद केलीस, चावी काढलीस, उतरलीस, दार लावलंस आणि बाहेरून चावीचं बटण दाबलंस. आमची चारही दारं खटकन बंद झाली. मग तू ती चावी रस्त्याकडेच्या कपाशीत भिरकावलीस. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळाचा खडूने नेम धरायचीस, तशी.

आणि मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिलीस. काचेवर तुझी पाठ. ब्लाऊजचा निळा रंग, त्याखालची पदराची घडी. मला तुझा चेहरा दिसत नव्हता.

"काढा तिले भायेर!" भाऊ ओरडत आला.

"हात खाली!" तू म्हणालीस. अक्का, तो आवाज! त्या टोळक्यातल्या एकाने खरंच काठी खाली केली. मी बघितलं. कुठल्यातरी शाळेत कुठल्यातरी बाईने त्याला कधीतरी असंच दरडावलं असेल, आणि हात आपोआप खाली गेला. क्षणभरच.

भावाचा हात खाली गेला नाही. तो गाडीच्या पुढून कोयता पत्र्यावर ओढत ओढत आला. तो आवाज मी मरेपर्यंत ऐकणार आहे. दिव्यापासून निघाला, तुझ्या दारावरून आला, आणि तू हटली नाहीस. तो आवाज मधे थांबला. पत्र्याचा आवाज थांबला आणि तुझ्या तोंडातून हवा निघाल्यासारखं काहीतरी झालं. मग तो आवाज पलीकडे परत सुरू झाला, मागच्या चाकापर्यंत. त्याने हात उचललाच नव्हता. तुझ्या कुशीतून तो तसाच पुढे ओढत गेला.

काचेवरून तू खाली घसरत गेलीस. निळा रंग गेला आणि काच लाल झाली.

मग डाव्या बाजूची काच फुटली आणि एक हात आत आला, सोनलच्या केसांना धरून ओढायला लागला. मी त्या मनगटाला चावले. सोडलं नाही. तो मला दुसऱ्या हाताने कानावर ठोसे मारत होता आणि मी दात रुतवत होते. तोंडात रक्त आलं आणि केळीच्या चिकाची तुरट चव आली. कपड्याला लागला तर कधी न निघणारा तो चीक, तो माझ्या जिभेला लागलाय. माणूस दुसऱ्या माणसाचं मांस फाडू शकतो हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, ट्रकवाले उतरून धावत आले, तेव्हा ते पळाले. सोनल वाचली. ती आज सुखरूप आहे. कुठे, ते लिहीत नाही.

तू लगेच गेली नाहीस. टाके पडले, घरी येशील असं डॉक्टर म्हणाले, मग जखम चिघळली, ताप उतरेना. त्या दिवसांत गाडीचे फोटो झाले, मोजमाप झालं, रंगाचे कण तपासायला गेले, आणि कोर्टाने गाडी सोडली. वकील म्हणाले, दुरुस्त करायला हरकत नाही. मी म्हणाले, दुरुस्त? हात लावू देणार नाही. फुटलेली काच तेवढी बसवली, बाकी काही नाही.

कारण अक्का, तू तो ओरखडा बघितलेला नाहीस. तो पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत सरळ जातो, पार पत्र्यापर्यंत खोल. आणि मागच्या दारावर तो तुटतो. मधे हातभर जागा कोरी आहे. रंगाला धक्का नाही. पलीकडे ओरखडा पुन्हा सुरू होतो. ती कोरी जागा म्हणजे तू.

मी ठरवलं होतं की ही गाडी धुवायचीसुद्धा नाही. मोर्चाच्या पुढे न्यायची. कलेक्टर कचेरीसमोर उजवी बाजू लोकांकडे करून उभी करायची. तुला भेटायला आले तेव्हा तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस?

"डाग गया का?"

मी म्हणाले, नाही अक्का, आणि जाणार पण नाही. या वेळी मी तुझं ऐकणार नाही. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, उद्या पुन्हा भांडू. उद्या तुला शुद्ध नव्हती. परवाही नव्हती. मग तू गेलीस. माझ्याशी न बोलता. हे काही बरं केलं नाहीस.

आम्ही फोटो छापला. उजव्या बाजूचा, नंबर न दिसणारा. त्यावर मी चार ओळी लिहिल्या, चांगल्या लिहिल्या, उद्गारचिन्ह एकही नाही. तो फोटो सगळीकडे गेला. आणि मग सोनलच्या भावाच्या दोस्तांनी तोच फोटो उचलला. तोच, माझ्या चार ओळी कापून. स्टेटसला लावला. खाली लिहिलं, हीच ती गाडी, दिसली की ठोका. आमच्या माणसांच्या मोबाईलवर जो फोटो, तोच त्यांच्या. आमचे लोक त्याखाली हात जोडत होते, त्यांचे लोक त्याखाली कोयते काढत होते. मला मोबाईल भिंतीवर फोडावासा वाटला.

तुझ्या गंधमुक्तीच्या सकाळी फोन आला. कोण, कुठून, ते नाही लिहिणार. आवाज अगदी हळू, तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा. "ताई, घरचे गावाला गेलेत, उद्या दुपारी येतील. उद्या सकाळी मला न्या. पण ती ओरखड्याची गाडी आणू नका. इथे सगळ्यांच्या मोबाईलवर आहे ती."

मी संजूभाऊला फोन लावला. तो आपल्या समितीचा, शोकसभेत सगळ्यात जास्त रडलेला. मी म्हणाले, उद्यापुरती तुझी गाडी दे.

"माझी सर्व्हिसिंगला टाकलीय गं."

"काल तर त्याच गाडीने आलास."

"हो ना, कालच आवाज करायला लागली. भाड्याची कर ना."

"भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर चहाच्या पहिल्या टपरीवर सगळं ओकतो, हे तूच मला सांगितलंस."

तो म्हणाला, "आणि आपल्या मोर्चाचं काय? अक्काच्या गाडीचं सगळ्यांना सांगून ठेवलंय. बॅनरचं कापड शिवायला टाकलंय."

मी फोन ठेवला. बाहेर आले. अंगणात मंडप घालणं चालू होतं, ताटात गंध उगाळून ठेवलं होतं, लोक यायला लागले होते. तू गेल्याच्या सुतकाचा शेवट व्हायचा होता, कपाळाला गंध लावून सगळे आपापल्या कामाला मोकळे होणार होते. गाडी मंडपाबाहेर, उन्हात उभी होती. मी डिकी उघडली. तुझा डबा तसाच होता. पाणीपेपर, बनियनचा बोळा, आगकाड्या. पांढऱ्या रंगाची बाटली.

मी बादली भरून आणली आणि गाडी धुवायला लागले. मागच्या काचेच्या खाचेत अजून काळपट राहिलं होतं. ते मी बोटाने काढलं. सगळे बघत होते. मग तुझा भाऊ आला. आबा. पांढरं धोतर, मुंडण केलेलं डोकं. ही गाडी दारात उभी करू नको म्हणून ज्याने तुझ्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता, तोच.

"आज? आज हाई करस तू?" त्याचा आवाज फाटला. "लोक गंधले येवाले शेत आनि तुना थिनरना वास. या गाडीनी मनी बहीन खादी, आनि तू तिले सजाडस?"

मी म्हणाले, आबा, एका मुलीला उद्या सकाळी आणायचंय. ही खूण राहिली तर तिला वाटेत मारतील.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ओरखड्याकडे बघितलं. त्या मधल्या जागेशी जाऊन उभा राहिला. तिथे हात ठेवला. मग वळला आणि मंडपवाल्यावर ओरडला, "तो पडदा इकडे वढ रे! गाडीवर सावली कर!"

"आबा, मग लोक..."

"लोके उन्हमा बसतीन."

आणि लोक उन्हात बसले अक्का. तुझ्या गंधमुक्तीला जळगावचे सगळे प्रतिष्ठित डोक्यावर रुमाल टाकून उन्हात बसले आणि मंडपाच्या सावलीत तुझी गाडी. आतून मंत्र ऐकू येत होते, चंदनाचा वास येत होता, आणि मी पत्र्यावरचा गंज खरवडत होते. प्रायमर लावला. वाळू दिला. आबा कपाळाला गंध लावून घेऊन आला तो खुर्ची टाकून बाजूला बसला. झाकणात पांढरा काढला, पिवळ्याचा थेंब टेकवला. पिठलं झालं. फेकून दिलं. पुन्हा केलं. मला तुझा इतका राग आला त्या थेंबापाशी, किती मिसळायचा ते कधी नीट सांगितलं नाहीस, नुसतं डोळे बारीक करायचीस. मी डोळे बारीक केले. पाण्याने भरलेले होते, म्हणून असेल, पण रंग जमला.

आगकाडी घेऊन दिव्यापासून सुरुवात केली. जिथून त्याचा कोयता निघाला होता तिथून. तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने, पण मुंगीसारखी. संताप आगकाडीच्या टोकावर आणता येत नाही, हात हलतो. म्हणून तुझा हात हलत नसे का? तुला राग येत नाही असं मला वाटायचं. तू तो कुठे ठेवायचीस, हे विचारायचं राहिलं.

तुझ्या दारापर्यंत आले. मग मागचं दार. मग ओरखडा संपला आणि ती कोरी जागा आली.

मी तिथे थांबले. मला पुढे जाववेना. दोन्ही बाजूंचा ओरखडा भरला की मधली जागा उरणारच नव्हती. ती जागा ओरखड्यामुळेच दिसत होती. पुढचं मी भरलं तर मी तुला तिथून काढून टाकणार होते. त्याने कोयत्याने जे केलं नाही ते मी आगकाडीने करणार होते. मी तशीच बसून राहिले. रंग आगकाडीवर वाळला.

"काय व?" आबा म्हणाला.

मी म्हणाले, इथे अक्का आहे.

तो एवढंच म्हणाला, "ती काय दाराले चिकटी बसाले उभी व्हती का?"

मी आगकाडी बदलली.

संध्याकाळी पेपर मारला, कंपाउंड घासलं, तुझ्या बोळ्याने चकाकी आणली. मग नख लावलं. दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत, दाबून. नख कुठेही अडकलं नाही. तू नेमकी कुठे उभी होतीस ते आता मलासुद्धा सांगता येत नाही. संजूभाऊचा फोन येत होता, मी घेतला नाही. मोर्चाला गाडी नसेल. मी असेन. मी बोलेन, कोर्टात बोलेन, रस्त्यावर बोलेन, वायर काढली तर बिनमाईकने बोलेन. आपलं भांडण मिटलेलं नाही. मी अजून म्हणते की जखम दाखवायची असते. फक्त गाडीने नाही दाखवायची, एवढं तुझं खरं.

सकाळी निघाले. एका फाट्यावर चौघं-पाचजण उभे. काठ्या. मुलगी माझ्या शेजारी बसलेली, गोधडी नाही, पुढे, उघड्या तोंडाने. तीच म्हणाली, मी झोपणार नाही. एकाने गाडीभोवती चक्कर मारली. हातातल्या मोबाईलवर फोटो होता, मला दिसला, मी छापलेलाच फोटो. तो उजव्या बाजूला आला. फोटो बघितला, दार बघितलं. वाकला. पुन्हा फोटो बघितला. बोटाने मागच्या दारावर घासून बघितलं, आणि ते बोट निरखलं.

रंग वाळलेला होता अक्का. सावलीत वाळलेला.

त्याने छतावर थाप मारली आणि हाताने जा म्हणून खूण केली.

पोर पोचनी, अक्का.